ठाण्याच्या थंडीला किती रम लागते?

कापूरबावडीकर

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पहाटेचा १६ अंशांचा स्क्रीनशॉट टाकतं आणि संध्याकाळपर्यंत गच्चीचा बेत ठरलेला असतो. तशी आपल्याकडची थंडी ती केवढी! सांताक्रूझच्या वेधशाळेचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. तसं पुन्हा काही होत नाही. तरी येऊरकडून वारा सुटला की थंडगार बिअर नको वाटते आणि ग्लासात काहीतरी वाफाळतं हवं असतं. धागा त्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक 'गरम व्हायला' म्हणून जास्त ओततात, ते चूक. आपल्या हवेला ऊब पाण्याने आणि मसाल्याने यावी, दारूने नुसती सोबत करावी. गरम पाण्यात ९० मिली रम घातली की घोट घ्यायच्या आधीच ती नाकात जाते. माणशी ३० ते ४५ मिली भरपूर झाली.

नेहमीचा प्रकार असा. दोघांसाठी दीड कप पाणी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, पाच-सहा मिरे जरासे ठेचून, आल्याच्या दोन चकत्या, संत्र्याच्या सालीची एक लांब पट्टी. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं मंद उकळायचं आणि गॅस बंद. मग सुपारीएवढा गूळ त्यात विरघळवायचा. ग्लासात आधी काळी रम, वरून हे पाणी गाळून. लिंबू अगदी शेवटी, चार थेंब. रम गॅसवरच्या पातेल्यात कधीच ओतायची नाही. एक तर सगळा वास स्वयंपाकघरात उडून जातो, आणि आचेजवळ अल्कोहोलची वाफ पेट घेते, ते वेगळंच.

रम म्हणजे बहुतेक घरांत ओल्ड मंक. मोहन मीकिनने ती १९५४ साली आणली. सात वर्षं मुरवलेली, अंगचाच व्हॅनिलाचा आणि जळक्या साखरेचा वास, त्यामुळे गूळ-लवंगेशी तिचं लगेच जमतं. पांढरी रम इथे फिकी पडते. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, कॉफी यांवर जाणकारांनी भर घालावी. फक्त 'नीट घ्या, पाणी घालणं पाप' छापाचे प्रतिसाद नकोत.

खवट_खोबरं

नीट घ्या, पाणी घालणं पाप.
(हलके घ्या.) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डॉ_खोकला

धागा आवडला, पण 'गरम व्हायला' या भागाचा निकाल आधी लावू. दारूने शरीर गरम होत नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, गाल-कान तापल्यासारखे वाटतात. ती उष्णता आतलीच असते आणि कातडीवाटे बाहेर जाते. म्हणजे वाटतं गरम, होतं गार. शिवाय कुडकुडणं कमी होतं, आणि कुडकुडणं ही तर शरीराची स्वतःची शेगडी.

ठाण्यात १६-१७ अंशांना यानं काही बिघडत नाही. पण इथले बरेच जण डिसेंबरात कळसूबाईला (१६४६ मीटर) नाहीतर हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकतात आणि 'थंडी लागेल' म्हणून बाटली नेतात. तिथे रात्री वाऱ्यात उघड्यावर पिऊन झोपणं हा खरा धोका. वर सूप न्या, चहा न्या. बाटली खाली उतरल्यावर उघडा.

थोडा हिशोबही देतो. आपल्या रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १५ ग्रॅम. 'वाइनच तर घेतली' म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

सुगरण_नौपाडा

कापूरबावडीकर, तुमच्या कृतीत एक सुधारणा. गुळाऐवजी मध घालणार असाल तर पाणी कोमट झाल्यावर घाला, उकळत्यात त्याचा सुवास राहत नाही. आणि मिऱ्याबरोबर दोन वेलदोडे टाका, सालीसकट.

आमच्याकडे चालतो तो प्रकार लोण्याचा. बाहेरच्या देशांत हॉट बटर्ड रम म्हणतात तो, पण आपल्या घरातल्या सामानावर. घरचं पांढरं लोणी चार चमचे, तितकाच किसलेला चिक्कीचा नाही तर साधा गूळ, अर्ध्या जायफळाची पूड, दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ. हे सगळं हाताने फेटायचं. लोणी थंड असेल तर गुळाचे खडे तसेच राहतात आणि ग्लासाच्या तळाशी बसतात, म्हणून लोणी बोटाने दाबलं की खड्डा पडेल इतकं मऊ हवं. फेटून झालं की रंग फिकट तपकिरी होतो आणि चमच्यावरून ते सावकाश घसरतं. वाटीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं की आठवडाभर राहतं. ग्लासात एक मोठा चमचा हे मिश्रण, वर कडकडीत पाणी, ढवळायचं, मग रम. वरती तुपाची तार दिसते ती बघून नाक मुरडू नका. दोन घोटांनंतर विचारा.

काढा गाळून उरलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून उकळा, सकाळी चहाला वापरता येतं. फुकट का घालवायचं?

खवट_खोबरं

लोणी, गूळ आणि रम. यावर डॉक्टरसाहेब काय म्हणतात?

डॉ_खोकला

डॉक्टरसाहेब वाटी कुठे मिळेल ते विचारतायत.

नेरूळची_नीरा

मला वाइनचा प्रकार करायचाय, जर्मनीत नाताळच्या बाजारात मिळते तशी गरम मसाला वाइन. भाऊ तिकडून फोटो पाठवतो आणि जळवतो. इथली कुठली घ्यावी? आणि दुकानात 'पोर्ट' म्हणून स्वस्तातली गोड वाइन मिळते ती चालेल का?

एपीएमसीवाला

नीराताई, चालेल, पण मग साखर अजिबात घालू नका, ती मुळात सरबताइतकी गोड असते. चांगलं हवं असेल तर नाशिककडची कोरडी लाल शिराज किंवा झिनफॅन्डेल घ्या. महागातली, लाकडी पिंपात मुरवलेली नको. लाकडाचा तुरटपणा लवंगेबरोबर वाढतो आणि जीभ कोरडी पडते. सगळ्यात साधी लाल बाटली घ्या.

लोक एक चूक हमखास करतात. वाइन, साखर, मसाला सगळं एकदम पातेल्यात घालून खळखळ उकळतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. वाइनमध्ये ते पाण्यात मिसळलेलं असल्याने नेमक्या त्याच आकड्याला उडून जातं असं नाही, पण बुडबुडे आले की वास आणि फळाचा स्वाद गेलाच. म्हणून आधी कपभर पाण्यात तीन-चार चमचे साखर, सहा लवंगा, दालचिनीच्या दोन कांड्या, एक चक्रीफूल आणि संत्र्याची साल घालून दहा मिनिटं उकळून पाक करा. मग आच अगदी बारीक करून बाटली ओता. वाफ दिसली पाहिजे, बुडबुडा दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर ७० च्या पुढे जाऊ देऊ नका. झाकून वीस मिनिटं ठेवा आणि गाळा.

आता संत्र्याचं, कारण तो माझा रोजचा विषय. डिसेंबरात वाशीच्या मार्केटला नागपुरीचा आंबिया बहार (वर्षअखेरीचं पीक) संपत आलेला असतो आणि पंजाबचं किन्नू सुरू होतं. किन्नू दिसायला चकचकीत, एकसारखं, रसाला भरपूर, पण त्याचा रस थोडा वेळ ठेवला की कडवट होतो. गरम केल्यावर तर विचारू नका. वाइनमध्ये नागपुरीच घ्या. साल सैल असते, हाताने सुटते, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका. साल वापरायच्या आधी फळ गरम पाण्याने चोळून धुवा, वर काय काय फवारलेलं असतं.

मसाला मार्केटमध्ये दालचिनी म्हणून जाड सालीची मिळते ती कॅशिया. बिर्याणीला ठीक, यातही चालते, फक्त अर्धी घाला. पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली मिळाली तर ती श्रीलंकेकडची, ती जास्त गोड आणि नाजूक. आणि चक्रीफूल मागा, दगडफूल नव्हे. दुकानदार विचारत नाही, पुडी बांधून मोकळा होतो. वाइनमध्ये दगडफूल पडलं की मटणाच्या रश्श्याचा वास येतो.

सुगरण_नौपाडा

+१ दगडफुलाला. आणि कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या पातेल्यात वाइन किंवा लिंबू घालून ठेवू नका. 'शोभेचं दिसतं' म्हणून हल्ली लोक करतात. आंबट पदार्थ धातू खातो आणि तो पोटात जातो. साधं स्टील बरं.

मी_बेलापुरी

व्हिस्कीवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या स्वस्त ब्लेंडेड व्हिस्कीत बहुतांश मळीपासूनचा स्पिरिट असतो. थंड पाण्यात, बर्फात तो लपतो, गरम पाण्यात उघडा पडतो. त्यामुळे त्याच किमतीच्या रमची किंवा ब्रँडीची टॉडी (म्हणजे गरम पाणी घालून केलेलं पेय) जास्त चांगली लागते. व्हिस्कीच हवी असेल तर किमान मधल्या दर्जाची, धुराचा वास नसलेली घ्या. धुराची गरम केली की आल्या-लवंगेचं काही चालत नाही.

आणि कृपा करून सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, निव्वळ माल्टची व्हिस्की) यात ओतू नका. बंगळुरूच्या अमृत कंपनीची सिंगल माल्ट २००४ साली आधी ग्लासगोत विकायला गेली आणि तिकडच्या लोकांनी मान डोलावली. आपल्या उष्ण हवेत पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के उडून जातं, स्कॉटलंडमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून ती कमी वर्षांत मुरते आणि महाग पडते. ती खोलीच्या तापमानाला, दोन थेंब पाणी घालून घ्या.

ब्रँडी मात्र या धाग्याची खरी नायिका असायला हवी होती. दक्षिणेत ती घरोघर, आपल्याकडे लोकांना वाटतं ते खोकल्याचं औषध. ४५ मिली ब्रँडी, गरम पाणी, मध, लिंबाची चकती आणि त्या चकतीत खोचलेल्या तीन लवंगा. बस्स. आल्याचीही गरज नाही.

येऊरचा_लांडोर

बेलापुरी, औषधाचं काय चूक आहे? आजी सर्दीला चमचाभर ब्रँडी द्यायची, लहानपणी आम्हालाही दिलीय. ठणठणीत आहोत.

डॉ_खोकला

आजीबद्दल आदर राखून: लहान मुलांना एक थेंबही नाही. चमच्यानेही नाही आणि छातीला चोळूनही नाही, बाळाच्या कातडीतून ती आत जाते. लहान मुलांची रक्तातली साखर झपकन उतरते. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधसुद्धा नाही, पण ते वेगळं कारण.

मोठ्यांचं म्हणाल तर सर्दीत गरम टॉडीने घसा सुखावतो तो वाफेने, मधाने आणि गरम पाण्याने. दारू काढून तेच प्या, तेवढंच बरं वाटेल. सर्दी-तापाच्या गोळीत बहुतेक पॅरासिटामॉल असतं, वर दारू म्हणजे यकृताला दुहेरी काम. सर्दीच्या गोळीतल्या झोप आणणाऱ्या औषधाबरोबर गुंगी वाढते. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रात्री साखर खाली जाऊ शकते, रिकाम्या पोटी तर नकोच. जंतुसंसर्गाला मेट्रोनिडॅझोल चालू असताना तर ग्लासाकडे बघूही नका.

येऊरचा_लांडोर

मग आमच्या बाजूला पाड्यावर मोहाची मिळते ती? ती तर शुद्ध, फुलांची. गरम करून घेतात का कुणी?

नियमावली

लांडोरभाऊ, मोहाची चव मलाही ठाऊक आहे, आदिवासी घरांत सणासुदीला तिचा मान मोठा आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवरच कायदा आणला, कारण गावची भट्टी चालली तर सरकारी महसूल बुडायचा. पण आज बाहेरून येऊन कुठल्याही अड्ड्यावरची घेणं हा निराळा विषय. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती फुलं आंबवून झालेली दारू नव्हती, औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं होतं. ते डोळ्यांनी, नाकाने ओळखू येत नाही आणि गरम करून जातही नाही. तेव्हा सीलबंद घ्या.

ओघाने आलंच आहे तर: महाराष्ट्रात रम-व्हिस्की-ब्रँडीसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा दुकानात मिळतो, वर्षाचा आणि कायमचा ऑनलाइन काढता येतो. कुणी विचारत नाही हे खरं, पण १९४९ चा कायदा अजून जागेवर आहे.

खवट_खोबरं

आणि दमणहून आणली तर? जून २०२५ मध्ये इथला कर वाढल्यापासून आमचा एक मित्र दर महिन्याला 'समुद्र बघायला' जातो.

नियमावली

उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं, दुकानात बाटलीची किंमत बघून घाम फुटतो हे मान्य. पण फक्त दमणमध्ये विकायची बाटली इथे आणणं गुन्हा आहे आणि डिसेंबरात नाक्यांवर गाड्या उघडतात. मित्राला म्हणावं समुद्र उरणलाही आहे.

पनवेलचा_पोपट

इतकी चर्चा आणि पोपटीचं नाव नाही? पनवेलकरांचा निषेध नोंदवतो.

थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेतावर मडकं लागतं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात, पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्याने गच्च बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की झाली. मडकं उघडताना जो वास येतो त्यापुढे कसल्याच मसाला वाइनचं काही खरं नाही.

या वासाबरोबर गुळाचं गोड पेय मला पटत नाही. तिथे काळी रम, गरम पाणी, भरपूर ठेचलेली मिरी आणि लिंबू. गूळ नको, दालचिनी नको. शेंगा खारट, धुरकट असतात, त्यांना तिखटच जुळतं. पाणी शेताच्याच चुलीवर तापवायचं आणि रम चुलीपासून लांब, ग्लासात. काचेचा जाड मग नेऊ नका, गार मगात उकळतं पाणी पडलं की तडकतो. न्यायचाच असेल तर आधी कोमट पाण्याने विसळून घ्या.

परतताना गाडी कोण चालवणार हे शेंगा भरतानाच ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. आमच्यात चालवणाऱ्यासाठी त्याच मसाल्यात कोकम घालून वेगळं पातेलं असतं. त्यालाही लोक ग्लास पुढे करतात.

मी_बेलापुरी

पोपटराव, दंडवत. पुढच्या पोपटीचं आमंत्रण जाहीर करा.

काळी_कॉफी

आयरिश कॉफीबद्दल कुणीच नाही, म्हणून माझे चार आणे. दोन चमचे ब्राउन शुगर, १२० मिली कडक गरम कॉफी, ४० मिली आयरिश व्हिस्की, वर क्रीम. साखर वगळू नका, तिच्यामुळे कॉफी जड होते आणि क्रीम तरंगतं. अडतं ते क्रीमपाशीच. किराणा दुकानातल्या पाकिटातलं क्रीम २५ टक्के फॅटचं, कितीही फेटा, ते बुडतंच. ३०-३५ टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम घ्या, जेमतेम घट्ट करा आणि चमच्याच्या पाठीवरून सोडा. व्हिस्कीऐवजी ओल्ड मंक आणि चिकोरीवाली फिल्टर कॉफी घेतली तर मला तरी जास्त आवडते. मात्र रात्री दहानंतर ही जोडी नको. एक झोपवते, दुसरी जागी ठेवते, मध्ये आपली फरफट.

नेरूळची_नीरा

अंड्याचं एगनॉग? कच्चं अंडं रममध्ये 'शिजतं' म्हणतात ते खरं का?

काळी_कॉफी

लगेच पिणार असाल तर त्यावर विसंबू नका. दूध, साखर आणि अंड्याचा बलक बारीक आचेवर सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत न्या, चमच्याच्या पाठीला थर धरतो, मग उतरवून जायफळ आणि रम. लिंबू किंवा वाइन यात नको, दूध फाटेल.

सुगरण_नौपाडा

आमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार झाल्याशिवाय अंडंही नाही आणि बाटलीही नाही. तोवर लोण्याचं मिश्रण गरम दुधात घालून पोरांना देते. कुणाची तक्रार नाही.

कापूरबावडीकर

धाग्याचं सोनं केलंत, वाचनखूण साठवली. रमचा केक किंवा रममध्ये उकळलेलं काही 'दारूविरहित' असतं का, असं एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलंय.

एपीएमसीवाला

नसतं. पदार्थात घालून पंधरा मिनिटं शिजवलं तरी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के. वर ओतून नुसतं पेटवलं तर ७५ टक्के तसंच. न घेणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगा.

नेरूळची_नीरा

काल केली वाइन, नागपुरी संत्री घालूनच. भावाला फोटो पाठवून फिट्टंफाट केली. अर्धं पातेलं उरलंय, त्याचं काय करू?

एपीएमसीवाला

मसाला आणि सालं सगळी गाळून काढा, बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस चांगली राहते. गरम करताना पुन्हा बारीकच आच. चक्रीफूल आठवणीने काढा, ते आत राहिलं तर दुसऱ्या दिवशी नुसती बडीशेप लागते.